पऱ्हे आणि पाच चौकोन

आमगावच्या एका कॉलेजात संगणकांची खोली सांभाळणं हे माझं काम. नवे संगणक आले की आधी एकावर विंडोज नीट बसवायचं, त्यात मराठी टायपिंग, प्रिंटर वगैरे घालायचं आणि मग त्याची जशीच्या तशी प्रत बाकीच्यांवर उतरवायची. इंग्रजीत याला डिप्लॉयमेंट म्हणतात. आमच्याकडे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे रोवणी म्हणतात. एका जागी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे आणि तयार झाले की उपटून बांध्याबांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांत, लावायचे. काम तेच, फक्त चिखल नाही.

या रोवणीसाठी माझ्याकडे एक पेनड्राइव्ह आहे. त्यात एक लहानसं विंडोज असतं, त्याला बूट इमेज म्हणतात. संगणकाचं स्वतःचं विंडोज झोपलेलं ठेवून हे पाहुणं विंडोज तेवढ्यापुरतं जागं होतं, काम करतं आणि निघून जातं. मला त्याचं भारी कौतुक. त्यात घड्याळ नाही, चित्रं नाहीत, एक काळी खिडकी तेवढी उघडते. इतक्या थोडक्यात कसं काय भागतं, हे बघण्यासाठी मी ती इमेज कितीदा तरी उघडून बसलोय. बायको म्हणते, याला दुसरा संसार सापडला.

एक दिवस शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप पोटाशी धरून आले. पोवार समाजातल्या बायका लग्नात म्हणतात ती गाणी ते अनेक वर्षं गावोगाव जाऊन रेकॉर्ड करत होते. त्यात त्यांच्या पत्नीचाही आवाज होता. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आणि आता लॅपटॉपच्या डिस्कमधून टकटक ऐकू येत होती.

"दुसरीकडे कुठं ठेवलं नाही का, गुरुजी?"

"ठेवतो ठेवतो म्हणत राहून गेलं. आता बोलून राहिला ते सोड, निघते का सांग."

मी कान लावला. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी बिघडते. तिच्यातलं विंडोज सुरू केलं तर ते उगाच शंभर ठिकाणी तिला फिरवणार. उपाय एकच होता. माझ्या पाहुण्या विंडोजवर संगणक चालवायचा आणि डिस्कची इमेज घ्यायची, म्हणजे आतल्या कणाकणाची नक्कल. पण माझ्या पेनड्राइव्हमध्ये फक्त रोवणीची हत्यारं होती. ती एखादी फाइल वाचता आली नाही की तिथंच हात टेकतात. जिथं वाचता येत नाही तेवढी जागा रिकामी सोडून पुढं जाणारं हत्यार मला त्यात घालावं लागणार होतं.

"इमेज म्हणजे फोटू ना?" गुरुजींनी विचारलं. "फोटू काढून गाणं कसं ऐकू येईल?"

प्रश्न चोख होता. मी म्हटलं, हा असा फोटो की त्यातला माणूस बोलतो. ते काही पटलं नसावं, पण खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

माझ्या संगणकावर मी बूट इमेज एका फोल्डरमध्ये उघडली, नक्कल घेणारा प्रोग्राम आत ठेवला, सगळं जतन करून बंद केलं आणि चालवून पाहिलं. प्रोग्राम उठेचना. त्याला विंडोजचा एक भाग लागत होता आणि तो या लहान विंडोजमध्ये नव्हताच. इमेज पुन्हा उघडली, तो भाग घातला, पुन्हा बंद केली. या वेळी खिडकी उघडली. गुरुजी पडद्यावरून नजर हलवत नव्हते. मला तर अशा वेळी चहाही नको असतो.

मग लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवर चालू केला आणि दोघंही बघत राहिलो. डिस्कचे तीन भाग होते, तिन्ही सारख्या आकाराचे. नावांच्या जागी नुसते चौकोन. एकापुढे तीन, बाकी दोघांपुढे पाच पाच.

"हे डबे कायचे, बाबू?"

"नावं मराठीत ठेवली का तुम्ही?"

"मंग कायमधी ठेवू?"

धान, बांधी आणि पऱ्हे, अशी त्यांनी नावं दिली होती. गाणी पऱ्ह्यात होती, कारण पुढचं सगळं त्यातूनच उगवायचं, असं ते म्हणाले. माझ्या लहान विंडोजला देवनागरी येत नव्हती. ड्राइव्हची सी, डी ही अक्षरंही तिथं बदलतात, म्हणून त्यांचा भरवसा नाही. टकटक वाढली होती. डिस्क तिन्ही भाग संपेपर्यंत टिकेल असं वाटत नव्हतं, आणि एकेक भाग उघडून बघायचा तर तेवढा जीव तिच्यात नव्हता. म्हणून पऱ्हेच आधी काढायचे होते.

गुरुजींनी बोटांवर मोजलं. "बांधी म्हणजे दोन अक्षरं. पाच डबे काऊन?"

मी सांगितलं, संगणक काना वेगळा मोजतो, अनुस्वार वेगळा, वेलांटी वेगळी. त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर बाराखडी शिकवलेला माणूस. धान तीन, म्हणजे ते सुटलं. बांधी पाच. पऱ्हे मोजलं: प, ऱ, पाय मोडायची खूण, ह, मात्रा. तेही पाच. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मी आधी लॅपटॉप बंद केला. अंदाज चालणार नव्हता.

तिसऱ्यांदा इमेज उघडली. देवनागरी फॉन्टची फाइल आत ठेवली, तिची नोंद केली, जतन केलं. एवढ्याशा विंडोजला बाराखडी शिकवायची हे मला कधी सुचलंच नव्हतं. पुन्हा लॅपटॉप चालू केला आणि शेवटच्या ओळीत पऱ्हे हा शब्द उमटला. गुरुजींनी तो मोठ्यानं वाचला, वर्गात वाचतात तसा.

बाहेरून जोडलेल्या एका डिस्कवर नक्कल सुरू झाली. ती कधी पळायची, कधी एका जागी अडून बसायची. पऱ्हे पूर्ण झाले, बांधी निम्मी झाली आणि डिस्क कायमची गप्प झाली.

"जाऊ दे," गुरुजी म्हणाले. "राहिलं त्यात सिनेमेच होते."

मी नक्कल माझ्या संगणकावर उघडली. हळदीचं एक गाणं त्यांनी निवडलं. काकूंचा आवाज आला, थोडा चिरका, मागं भांड्यांचा आवाज. दुसऱ्या कडव्यात तो एकदम तुटला. तेवढी जागा वाचता आली नव्हती. मी थांबवायला हात पुढं केला तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि त्या शांततेत राहिलेली ओळ स्वतः म्हटली, हलक्या आवाजात, सूर सोडून. ही गाणी पुरुष म्हणत नाहीत. त्यांची ओळ संपायच्या आत काकूंचा आवाज परत आला आणि ते लगेच थांबले.

मी म्हटलं, मधली जागा कापून गाणं सलग करून देतो, कळणारही नाही.

"कापू नको," ते म्हणाले. "तितं मी म्हणत जाईन."