मुंग्यांची वाटी

नातीच्या काचेच्या बाटलीत लाल मुंग्या चढतात, घसरतात, पुन्हा चढतात. तिने फोनवर मुंग्या मागितल्या, तेव्हा मला वाटलं, पोरीला माझी मुंग्यांची चटणी आठवली. आंब्यावरचं घरटं उतरवताना चावे खाल्ले, अर्ध्या मुंग्या मिरची-मीठ घालून वाटल्याही.

“वाटल्यास कशाला, आजी? प्रयोगशाळेत आम्ही यांच्यात जंतू मारणारं औषध शोधतोय.”

“आणि चटणी?”

“नको गं.”

औषध आमच्या ताटात शोधायचं, पण ताटावर बसायचं नाही. मी तरी काय, शाळकरी वयात हॉस्टेलातून घरी आल्यावर आईची हीच चटणी बघून नाकाला रुमाल लावला होता. पावडर लावलेलं नाक ते, जपायला नको?

बाटली घेऊन नात गेली. चटणीची वाटी माझ्यापुढेच राहिली. आई, तेव्हा माझ्यापुढची वाटी उचलताना तू हसली होतीस. कशी गं हसलीस?