कावीळ झालेल्या मुलीच्या नावावर

ऋचाताईनं माझ्या हातातून रॅकेट घेतली, क्लबच्या पायरीवर बसली आणि मुठीवरची ग्रिप सोलायला लागली.

सावकाश. गोल गोल. ग्रिप नवीच होती. पूर्ण सोलून झाली तशी तिनं ती दोन बोटांत धरून माझ्यापुढं केली. म्हणाली, "टाकून ये."

मॅडम, तिची आई, खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "घामानं चिकट होते ना, म्हणून." माझ्याशी नव्हत्या बोलत. शेजारच्या बंगल्यातल्या बाईंना सांगत होत्या. त्या बाईंची वैशाली आदल्याच दिवशी त्याच रॅकेटनं खेळली होती. तिचा घाम कोपरावरून ठिबकताना मी पाहिला होता. तेव्हा ग्रिप निघाली नव्हती.

मी ती पट्टी टाकून आले. वर विचारलं, "पाणी आणू का ताई?"

ताई माझ्याच वयाची होती.

मी परभणीच्या पलीकडची. सातवीत शाळा सुटली. मामा सणसवाडीला एका कंपनीत हेल्पर होता, त्याच्या ओळखीनं शिरूरला साहेबांच्या बंगल्यावर कामाला लागले. मागच्या खोलीत राहायचं, दोन वेळचं जेवण. पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. सगळं कळल्यावर म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं." आणि माझा कप खिडकीत वेगळा ठेवला.

उपकार होतेच. मी नाकारत नाही. टायफॉइड झाला तेव्हा मॅडमनी स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. मामाजवळ मी त्यांचे गुण गायचे. आणि रोज सकाळी डोळे उघडले की पहिली भीती हीच, आज काही चुकलं तर परत पाठवतील. गावी परत जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

ऋचाताईला बॅडमिंटनची कोचिंग होती. कोच यायचे नाहीत त्या दिवशी समोर मी. मॅडमनी काम समजावून सांगितलं होतं: तिला जमेल असं दे. म्हणजे शटल उंच, उजव्या हाताला, फार पुढं नाही, फार मागं नाही. तिनं मारावं, मी उचलावं, परत तिच्या हातात द्यावं. तिचा फटका चांगला बसला की बघणाऱ्या बायका टाळ्या वाजवायच्या. त्या फटक्यातला निम्मा माझा असायचा. हे कुणाला दिसायचं नाही. आधी मलाही दिसलं नव्हतं.

देता देता तिचं अंग मला पाठ झालं. डावा खांदा कधी पडतो. पाय कधी अडकतात. दम कधी लागतो. कुठल्या शटलला ती नुसती बघत राहील, तेही कळायला लागलं. तिथं मी कधी टाकलं नाही.

मला तिचा राग यायचा नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मी जळायचे. तिच्या पांढऱ्या बुटांवर जळायचे. ती हरली की तिचे वडील तिला रागवायचे, त्या रागवण्यावरही जळायचे. तिला चुकायची मुभा होती. नेटमध्ये दहा शटल घालून ती हसायची आणि म्हणायची, "आज मूडच नाहीये." मूड हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले, पण मला तो वापरायला कधी मिळाला नाही. ती दमली की सोफ्यावर आडवी व्हायची. मी दमले की भांडी असायची.

मग दौंडला स्पर्धा लागली. मुलींची दुहेरी. ऋचाताई आणि वैशाली अशी जोडी. नावं गेलेली, आता बदलता येणार नव्हती. आणि वैशालीला कावीळ झाली.

मॅडम स्वयंपाकघरात आल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. गोड बोलत होत्या.

"दौंडला तू वैशाली. कुणी विचारलं तर मान हलवायची. बोलू नकोस फार, तुझ्या बोलण्यावरून लगेच कळतं."

मी मान हलवली. खरं सांगते, मला आनंद झाला. वैशालीच्या नावानं का होईना, कोर्टवर उतरायला मिळणार होतं. वैशालीचे बूट मला मोठे होते. पुढं कापूस कोंबला.

पहिल्या सामन्यात भलतंच झालं. समोरची मुलगी तयार उभी होती आणि मी शटल उचलून बरोबर तिच्या हातात दिलं. उंच, उजवीकडं, मारायला सोपं. तिनं मारलं. मी परत दिलं. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. ऋचाताई दात आवळून म्हणाली, "अगं, तिला काय देतेस? ती आपली आहे का?"

त्या एका वाक्यासाठी मी तिची आभारी आहे.

मी थांबले. समोर बघितलं. त्या मुलीचाही डावा खांदा पडत होता. दोन वर्षं मी जिथं टाकायचं टाळत आले, तिथं टाकलं. ती बघत राहिली. शटल जमिनीवर. माझ्या अंगावर काटा आला. जोरात मारायची मला गरजच नव्हती. नुसतं द्यायचं, पण तिला नको असलेलं द्यायचं.

आम्ही जिंकलो. पुढचाही जिंकलो. सेमीफायनलला तर ऋचाताई नुसती बाजूला उभी होती म्हटलं तरी चालेल.

पुढच्या ओळीत रेल्वेतून रिटायर झालेले एक आप्पा बसले होते. त्यांनी मॅडमना विचारलं, "कुणाची लेक ही? हात काय मऊ हाय पोरीचा."

मॅडम म्हणाल्या, "आमच्या शेजारच्या साहेबांची. त्यांच्या घरातच आहे खेळ."

आप्पा म्हणाले, "वाटतंच."

मी दोन हातांच्या अंतरावरच होते. बुटांची नाडी बांधत होते. ते 'वाटतंच' माझ्या कानात शिरलं आणि तिथंच राहिलं. माझ्या हाताचं कौतुक शिरूरला पलंगावर पडलेल्या एका मुलीच्या बापाकडं चाललं होतं. ती उसाचा रस पीत असेल, आई डोक्यावरून हात फिरवत असेल. तिला पत्ताही नव्हता आणि ती जिंकत होती. झोपून जिंकत होती. आजवर मी खूप जळले, पण त्या कावीळ झालेल्या मुलीवर जळले तशी कुणावरच नाही. माझ्याकडं घेण्यासारखं काही नाही असं मी समजत होते. होतं. तेही त्यांनी उचललं होतं, आणि मी मान हलवून दिलं होतं.

फायनलच्या आधी पंचांनी नावं पुकारली. वैशालीचं नाव आलं. मी हललेच नाही. त्यांनी परत पुकारलं आणि माझ्याकडं बोट केलं. "तूच ना?"

"मी वैशाली न्हाई."

माझा आवाज केवढा मोठा निघाला. मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव सांगितलं, जे ऐकून लोक गाव आणि गावातली बाजू विचारतात ते. गावही सांगितलं.

पंच वयस्कर होते. खुर्चीवरून खाली उतरले. हळू बोलले, "पोरी, आता काय बोललीस ते कळतंय का तुला? म्हंजी मॅच गेली तुमची."

"कळतंय."

"परत विचारतो. थट्टा केलीस म्हण, मी ऐकलं न्हाई म्हणतो."

चांगला माणूस होता. मी म्हणाले, "थट्टा न्हाई केली."

ऋचाताई रडायला लागली. मला नाही, आईला विचारलं, "आई, ही काय करतेय?" मॅडम जवळ आल्या. सगळे बघत होते म्हणून चेहरा हसराच होता. ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाल्या, "दोन वर्षं जेवू घातलं तुला मी."

"व्हय मॅडम. जेवण तुमचं होतं. खेळ माझा हाय."

बूट काढून बाकाखाली ठेवले. माझ्या चपला त्यांच्या गाडीत होत्या. अनवाणीच स्टँडवर गेले. एसटी वरवंडला थांबली तेव्हा हिशोब मांडला. खोली गेली, काम गेलं, माझी पेटी त्यांच्या घरात. आणि जिंकलेही नव्हते. फायनल मी जिंकले असते. हे अजून सलतं.

सणसवाडीला मामाच्या खोलीवर गेले. सगळं ऐकून मामा कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "एक दिवस वैशाली झाली असतीस तर काय मरत होतीस?"

मी म्हणाले, "व्हय मामा, मरतच होते."

मग मामाच्याच कंपनीत पॅकिंगला लागले. तिथल्या बायकांच्या बॅडमिंटन टीममध्ये भांडून शिरले. पुढं हा पिकलबॉल आला. हातभर फळी, भोकांचा प्लास्टिकचा चेंडू, लहान कोर्ट. ताकदीनं मारणारे यात लवकर संपतात. नेटजवळ मऊ टाकत राहायचं, समोरच्याचा धीर सुटेपर्यंत. मी पहिल्याच दिवशी ओळखलं, हा माझा खेळ आहे. आज याच्यावरच माझं घर चालतं.

शिकायला येणारी पोरं मला विचारतात, मॅडम, तुमचा माइंडसेट काय? मी सांगते, जळते. ती हसतात. त्यांना मेहनत, आशीर्वाद असलं काही ऐकायचं असतं. पण बापाच्या गाडीतून उतरून, दोन बॅगा घेऊन एखादी पोरगी कोर्टवर येते तेव्हा अजूनही माझ्या पोटात पेटतं. मी ते विझवत नाही. तेवढंच घेऊन खेळते. नाव पुकारलं की आधी नीट ऐकते, आडनाव खाल्लं असेल तर परत म्हणायला लावते.

परवा एका स्पर्धेच्या आधी आयोजक जवळ आले. बक्षीस देणारे साहेब तुमच्याबरोबर थोडं खेळणार आहेत म्हणाले, फोटोसाठी. जरा त्यांच्या हातात द्या.

मी म्हणाले, "मला ते येतं. फार चांगलं येतं. देणार नाही."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. साहेब फळी घेऊन समोर उभे राहिले, कॅमेऱ्याकडं बघून हसले. पहिला चेंडू मी त्यांच्या पायात टाकला. दुसराही तिथंच.