भीमराजचा गुडघा

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. फुटबॉल मला कळत नव्हता. २००१ साली आमचा पहिला संघ निघाला, तेव्हा प्राचार्यांनी तो माझ्याकडे दिला. बाकीच्यांनी नको म्हटलं, मला ते म्हणता आलं नाही.

भीमराज आमचा गोलकीपर, शिरड शहापूरचा. आई केशरबाई रोजाने शेतात जायची. त्याला पोलीस व्हायचं होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येईल, एवढ्यासाठीच तो कबड्डी सोडून इकडे आला होता. काळ्या रानाच्या भेगांत भुसा भरून केलेल्या मैदानावर तो रोज चेंडूसाठी अंग झोकून द्यायचा.

नांदेडच्या स्पर्धेत पहिला सामना आम्ही एका गोलने जिंकलो. शेवटी शेवटी चेंडू अडवताना भीमराजचा गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला निवड समिती येणार होती. मी डॉक्टरकडे चल म्हणालो. डॉक्टर खेळू देणार नाही, म्हणून तो येईना.

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आलेले. आमच्याकडे कुणाची पाठ धरली, की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. पोरांना हे माहीत होतं.

"सर, एकदा पाय लावा," भीमराज म्हणाला.

"अरे, तो पाठीला लावतात. गुडघ्याला न्हाई."

"गुडघा काय परक्याचा हाये का?"

पोरं हसली. मीही हसलो, आणि तीन वेळा पाय लावला. तो उठून चार पावलं चालला. बराबर झालं म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला. डॉक्टरचा विषय मी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी विसाव्या मिनिटाला त्याने उडी मारली आणि खाली आला तो उठलाच नाही. आमच्यावर पाच गोल झाले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आतलं लिगामेंट काल अर्धं तुटलं असावं, आज पूर्ण तुटलं. काल का आणलं नाही, असं त्यांनी मला विचारलं.

"मीच न्हाई आलो, साहेब," भीमराज म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो हिंगोलीला पोलिसांच्या साध्या भरतीत उतरला. मी सोबत गेलो. सोळाशे मीटरच्या दुसऱ्याच फेरीत गुडघा निसटला. तो बसला, उठला, लंगडत उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. नोंद घेणारा शिपाई तोवर पुढच्या तुकडीकडे वळला होता.

पुढे भीमराज सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर रोजंदारीला लागला. पण मला आठवते ती भरतीच्या दिवशीची, हिंगोलीहून परतीची बस. केशरबाईंना काय सांगायचं, ते आम्ही ठरवत होतो. शिरड आलं तरी ठरलं नव्हतं. तो दांडीला धरून एकटाच उतरला. मी उतरायला हवं होतं. माझं तिकीट पुढचं होतं, मी बसून राहिलो.