आगवाल्यांची टीम

दादाच्या किडन्या गेल्या तेव्हा तो कापडाच्या डाइंग मिलमध्ये छपाईच्या मशीनवर कामाला होता. आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो, आई, दादा आणि मी. वडील आधीच गेले होते. आई आणि मी घरी बसून साड्यांचे धागे कापायचो, टिकल्या चिकटवायचो. डायलिसिस सुरू झाल्यापासून मी एक दिवसाआड सकाळी दादाला रिक्षात बसवून हॉस्पिटलात न्यायला लागले.

हातात सुया टोचल्या की तो हात हलवायचा नाही. शेजारी मशीन घरघरत राही. नळ्यांतून रक्त बाहेर जाई, परत येई. ते दिसू नये म्हणून दादा छताकडे डोळे लावून अर्धा दिवस पडून असायचा. काही दिवस त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, मग त्यांचाही त्याला वीट आला. एकदा त्याने स्वतःच एक गेम उतरवून घेतली. रानात हिंडून चित्रविचित्र जनावरं पकडायची, त्यांना वाढवायचं आणि सहा जणांची टीम घेऊन गावोगावच्या उस्तादांशी लढायचं. शाळेत असताना आम्ही असलंच काहीतरी शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर भांडून-भांडून खेळायचो. आता त्याचा एकच हात मोकळा असे. मोबाइल मी धरायची आणि तो अंगठ्याने खेळायचा.

त्या गेममध्ये प्रत्येक जनावराचा टाइप असतो. गवतवाल्याला आगवाला भारी, आगवाल्याला पाणीवाला भारी, पाणीवाल्याला वीजवाला भारी, आणि वीजवाल्याची चिखलवाल्यापुढे काही मात्रा चालत नाही. म्हणून टीम मिसळीची लागते. दादाने मात्र सुरुवातीला मिळालेलं मुंगूस घेतलं, शेपटीच्या टोकाला निखारा असलेलं, आणि पुढे जो आगवाला दिसेल तो पकडत गेला.

"दादा, पाणीवाला समोर आला की काय करशील?"

"त्यानं मारायच्या आत मी मारीन."

"आणि नाही मेला तर?"

"मरेल. तू नुसता मोबाइल नीट धर."

पुढच्याच गावच्या उस्तादाकडे पाण्यातलं एक कासव निघालं. त्या एकट्या कासवाने दादाचे सहाच्या सहा गडी लोळवले. दादा पुन्हा लढला, पुन्हा हरला. मशीनवर त्याचं ब्लडप्रेशर खाली आलं तशी नर्स धावत आली. तिने त्याचे पाय वर केले आणि मोबाइल बंद करायला लावला.

शेजारच्या खाटेवर एक सुरती काका असायचे. म्हातारे, बारीक, बरीच वर्षं डायलिसिसवर असलेले. मुलगा त्यांना सोडून दुकानावर जायचा, मग ते एकटेच. त्यांनी एकदा मान वळवून विचारलं, "शुं रमो छो, भाई?" काय खेळताय म्हणून.

दादाने त्यांना मोडक्या गुजरातीत सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बधा मारवावाळा ज छे. एक मार खावावाळो पण जोइए ने?" सगळे मारणारेच घेतलेत, एखादा मार खाणाराही हवा की.

मला हसू आलं. मीही दादाला तेच सांगत होते. नुसता हल्ला करून भागत नाही. दोघांना एकाच गोष्टीची भीती असेल तर त्यातला एक कमी करायचा, आणि मागे एक दणकट गडी ठेवायचा. त्याने पुढे उभं राहून मार खाल्ला की बाकीच्यांना उसंत मिळते. काकांनी सांगितलं म्हणून दादाने ऐकलं. आम्ही वीजवाली घार घेतली, गवताचा बोकड घेतला, दगडाचं एक मंद कासव घेतलं. ते कासव काकांना फार आवडलं. दर वेळी आल्या आल्या विचारायचे, "मारो काचबो केम छे?"

एकेक करून आगवाले गेले. मुंगूस मात्र दादा सोडेना. शेवटच्या उस्तादाकडे पाणीवालेच जास्त होते, आणि एक वीजवाला. मुंगसाच्या जागी चिखलातला बेडूक घेतला असता तर टीम बसत होती. बेडूक दिसायला घाणेरडा, पण वीज त्याला लागत नव्हती.

"मुंगूस राहील," दादा म्हणे. "तो पहिल्यापासून आहे."

त्याच सुमारास किडनी देण्यासाठी आमच्या तपासण्या झाल्या. आईला साखर निघाली, तिची घेता येईना. माझा रक्तगट जुळला नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर दादा बाकावर बसला आणि म्हणाला, "बघ, इथंपण टाइप." आई काही न कळून आमच्याकडे बघत राहिली. "काय म्हने तो?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, चल." रिक्षात मी वाटभर बाहेरच बघत होते.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आम्ही गेलो तर काकांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. तरुण, घाबरलेला, पहिल्यांदाच आलेला. दादाने नर्सला विचारलं. ती सुईला पट्टी लावत म्हणाली, "रविवारे ऑफ थई गया." रविवारी वारले. बस, एवढंच. मुलाचा नंबर आमच्याकडे नव्हता, की काकांचं घर कुठे ते माहीत नव्हतं.

मी मोबाइल काढलाच नाही. मग दादाच म्हणाला, "काढ."

मी गेम उघडून त्याच्यासमोर धरली.

"मुंगूस काढ. बेडूक घाल."

"राहू दे ना दादा. आपण असंच खेळू."

"काढ म्हटलं ना."

त्याला आता अंगठ्याने नीट दाबता येत नव्हतं, म्हणून बदल मीच केला. लढाईही मीच केली, तो फक्त कुणाला पुढे करायचं ते सांगत गेला. बेडकाने वीजवाल्याला अडवलं, घारीने दोन पाणीवाले पाडले, कासव शेवटपर्यंत मार खात उभं राहिलं. आम्ही जिंकलो. पडद्यावर फटाके उडाले आणि सहा जणांच्या टीमचा फोटो आला. दादाने तो पाहिला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. जिंकलो आपण."

"बरं," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. हॉस्पिटलाचा जिना उतरताना मी म्हटलं, पुढच्या वेळी मुंगसाला परत घेऊ, आता कुणाशीच लढायचं नाहीये. तो म्हणाला, "नको. आता राहू दे." त्यानंतर त्याने गेम उघडायला सांगितलंच नाही. मी शेजारी बसून असायची, तो छताकडे बघायचा.

दिवाळीआधी त्याला न्यूमोनिया झाला. सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, पण तो घरी परत आला नाही. गावाकडचे नातेवाईक आले, विधी उरकले, गेले.

हॉस्पिटलातून दोनदा फोन आला, पेशंट का आला नाही म्हणून. मी सांगितलं. पलीकडचा माणूस "अच्छा" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुढचे काही आठवडे डायलिसिसच्या वारी आई पहाटेच उठून स्वयंपाक करायची आणि दादासाठी करायची तशीच बिनमिठाची भाजी करून ठेवायची. पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मिठाची बरणी काढायला उठले. आई म्हणाली, "राहू दे, बठ." मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि ती भाजी तशीच संपवली.