डावीकडचं व्हायोलिन

ओळखीतले सगळे त्याला कानसेन म्हणायचे. त्यातली थट्टा तो बाजूला काढून ठेवायचा आणि उरलेलं कौतुक खुशाल घ्यायचा. पोटापाण्यासाठी तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. इमारतीत शिरला की आधी जिन्यापाशी उभा राहून वरची मोटार ऐकायचा आणि हातात पाना घेण्यापूर्वीच बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय ते सांगायचा. हाताखालच्या माणसांना त्याचा एकच धडा होता: एका वेळी एकच गोष्ट हलवून बघा; जिच्याबरोबर दोषही हलेल, दोष तिच्यात. बाकी सगळी बडबड.

घरी मात्र हाच माणूस बडबडीत कुणाला हार जायचा नाही. बाहेरची खोली त्याने गाणं ऐकायला अडवून ठेवली होती. दोन उंच स्पीकर, भिंतीपासून मोजून पुढे ओढलेले. मधे अवजड ॲम्प्लिफायर, जाड दगडी लादीवर रेकॉर्ड प्लेअर, आणि समोर एकच खुर्ची. एकच, कारण दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जिथे जुळतो ती जागा एका डोक्यापुरतीच असते. पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसावं लागायचं. खुर्चीच्या चारही पायांच्या खुणा फरशीवर रंगवलेल्या होत्या, आणि केर काढताना खुर्ची बोटभर सरकली तर याला दारातूनच कळायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते बहुधा घरातलं दुसरं माणूस चुकवत असतं.

रविवारी सकाळी दोन मित्र यायचे, एक दातांचा डॉक्टर आणि एक छापखानावाला. छापखानावाल्याचा जीव जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवर आणि बोटाएवढ्या जाड वायरींवर. वायर बदलली की गाणारी बाई एक पाऊल पुढे येते, असं तो शपथेवर सांगायचा. दातांच्या डॉक्टरचा विश्वास फक्त यंत्रावर. मायक्रोफोन लावा, आलेख काढा, आलेखात नाही ते जगात नाही. दोघांची जुंपली की चहा गार व्हायचा. कानसेन मधे बसून दोघांना आलटून पालटून पेटवायचा, कारण खरं सुख त्या भांडणात होतं. मग कुणीतरी रेकॉर्ड लावायचं, सुई टेकायची, आणि पहिल्या सुरापूर्वीच्या त्या शांततेत तिघंही शाळकरी पोरांसारखे गप्प व्हायचे. ते सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. बाकीच्यांनी हसावं, त्यांचं काही चुकत नाही.

त्या खोलीत एका शब्दाला बंदी होती: चांगलं. कुणी "चांगलं वाजतंय" म्हणालं की कानसेन अंगावर जायचा. चांगलं म्हणजे काय? ऊबदार म्हण, मोकळं म्हण, कोरडं म्हण, व्हायोलिनच्या तारेवर गजाची खरखर ऐकू येते म्हण. चांगलं काय, उसळही असते.

पण शेवटचा निकाल या तिघांपैकी कुणाचाच नसायचा. तो द्यायची कानसेनची बायको. तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. म्हणूनच, तो म्हणायचा, हिचे कान कोरे आहेत. काहीही बदललं की तिला हाक मारून खुर्चीत बसवायचं आणि तिच्या आवडीची एकच रेकॉर्ड लावायची. तीत डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे पियानो, मधोमध गाणारी. ती हात पदराला पुसत बसायची, अर्धं गाणं ऐकायची, "बरंय" किंवा "आधीचं बरं होतं" म्हणायची आणि उठून जायची. तिच्या त्या दोन शब्दांवर महिनाभराची खटपट उलटीपालटी व्हायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला आपल्याकडून हवी असलेली एक गोष्ट तरी आपण सहज देऊ शकतो, याचं तिलाही बरं वाटत असावं.

एकदा ती खुर्चीतून उठताना सहज म्हणाली, "अहो, डावीकडचं व्हायोलिन जरा मागं गेलंय का?"

कानसेनला आनंद झाला. त्याला स्वतःला काही फरक वाटला नव्हता, आणि बायकोला वाटला होता! रविवारी त्याने मित्रांना ते तीनदा सांगितलं. छापखानावाला म्हणाला, वहिनींच्या कानाला तोड नाही. दातांच्या डॉक्टरने मायक्रोफोन लावला, आलेख काढला आणि जाहीर केलं की डावं-उजवं तंतोतंत सारखं आहे, वहिनींना भास झाला. झालं, यंत्र खरं की कान खरा, यावर त्यांचं पुन्हा पेटलं. कानसेनने कानाची बाजू घेतली. आणि चार दिवस खुर्चीत बसून मन लावून ऐकल्यावर त्यालाही डावीकडचं व्हायोलिन मागं गेल्यासारखं वाटायला लागलं. ही जात अशीच असते. ऐकायचं ठरवलं की ऐकू येतं.

मग तो कामाला लागला, अगदी आपल्या धड्याबरहुकूम. वायरींची अदलाबदल केली. दोष डावीकडेच. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. स्पीकरची अदलाबदल केली. दोष डावीकडेच. म्हणजे स्पीकर निर्दोष. राहता राहिली खोली. डावीकडे मोठी खिडकी होती, तिची काच आवाज खात असणार. त्याने खिडकीवर जाड पडदा लावला, मग पडद्यामागे फळ्या, मग फळ्यांवर लोकरीचा जाड नमदा. खोलीत दिवसा दिवा लागायला लागला. दर वेळी बायको बसायची, ऐकायची, अपराध्यासारखी म्हणायची, "नाही हो, अजून तसंच." तो म्हणायचा, सापडेल, घाई करू नकोस, घोडं कुठे पेंड खातं ते मी शोधतोच.

मधे ती म्हणाली की एक बारीक शिट्टीही ऐकू येते. हा हरखलाच. म्हणजे कुठेतरी विजेचा गोंगाट शिरतोय! फ्रीज बंद केला, शिट्टी होतीच. फ्रीज हलवून मागच्या व्हरांड्यात नेला, तरी होती. मेन स्विच पाडून घरभर अंधार केला आणि विचारलं, आता? ती अंधारात म्हणाली, आता जास्तच. मग शेजाऱ्यांकडून येत असेल, असं त्याने ठरवलं.

या काळात ती हाकेला भलत्याच बाजूला वळून बघायची. उजव्या कुशीवर झोपली की गजर व्हायचा नाही तिच्यापुरता. तुम्ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता, अशी तिची तक्रार होती. त्यावर तो म्हणायचा, तुझं लक्ष नसतं. एकदा तिने विचारलंही होतं, माझ्याच कानात काही नसेल ना? तेव्हा हा मनापासून हसला होता. "तुझ्या कानात? अगं, तुझ्या कानावर तर ही सगळी खोली उभी आहे."

उन्हाळा सरला तरी तो डाव्या भिंतीशीच झगडत होता. एका सुट्टीच्या दुपारी त्याने तिला पुन्हा बोलावलं. ती हातात त्याचा शर्ट आणि सुईदोरा घेऊन आली, कॉलरचं बटण लावायचं होतं. पडद्यांमुळे खोलीत उजेड नव्हता. काय तो मागच्या दारातून यायचा. तिने खुर्ची उचलली, दाराकडे तोंड करून ठेवली आणि सुईत दोरा ओवत बसली. रंगवलेल्या खुणांकडे तिने पाहिलंही नाही. तो प्लेअरवर वाकला होता, पाठमोरा. सुई टेकली. गाणं सुरू झालं.

"आलं की हो!" ती म्हणाली. "व्हायोलिन आलं. अगदी पहिल्यासारखं." आणि थोड्या वेळाने, जरा खट्टू होऊन, "पण आता पियानो गेला."

तो वळला. बायको स्पीकरकडे पाठ करून बसली होती.

त्याने तिला खुर्ची सरळ करायला सांगितलं. पियानो आला, व्हायोलिन गेलं. पुन्हा उलट करायला सांगितलं. व्हायोलिन आलं, पियानो गेला. काय हो, किती वेळा उठवताय, म्हणून ती कुरकुरली आणि बटणाकडे वळली. त्याने गाणं बंद केलं. इतके महिने त्याने वायरी हलवल्या, स्पीकर हलवले, फ्रीज हलवला; एक ऐकणारी तेवढी हलवायची राहिली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण आपण हसत वापरतो. तो तिच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अगं." ती दोरा ओढत राहिली. त्याने पुन्हा हाक मारली. ती दोऱ्याला गाठ मारत होती.

कानाच्या डॉक्टरीणबाई मायाळू होत्या, हीच त्यातली वाईट गोष्ट. तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो झाले, दुसरा काही रोग निघाला नाही. कधी कधी कानाची नस अशी अचानक दगा देते, त्या म्हणाल्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध मिळालं तर पुष्कळांचं ऐकणं परत येतं. आता फार उशीर झालाय. तरी औषध देऊन बघू.

"इतके दिवस कुणाला दाखवलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी घरीच बघायला घेतलं होतं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नवऱ्याने किती मन लावून किती काम केलं, हेच तिला सांगायचं होतं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला त्या झेलता आल्या असत्या. याला काय करायचं ते त्याला कळेना, आणि खरं सांगायचं तर कुणालाच कळलं नसतं.

औषधाने काही झालं नाही. शिट्टी तेवढी कायम राहिली. दातांचा डॉक्टर एकटाच येऊन स्वयंपाकघरात बसून गेला. "मी डॉक्टर आहे रे," तो म्हणाला, "दातांचा का होईना. समोर बसून भास म्हणालो." छापखानावाल्याने फोन केला आणि हवापाण्याचं बोलून ठेवला. त्यानंतर त्या खोलीत वाद झाला नाही.

कानसेनने पडदे काढले, फळ्या काढल्या, फ्रीज जागेवर आणला. खोली पहिल्यासारखी झाली. एवढंच त्याच्या हातात होतं. एकदा त्याने डाव्या कानात कापसाचा बोळा कोंबून खुर्चीत बसून बघितलं. त्रिकोण कोसळला, सगळं गाणं उजवीकडे एका कोपऱ्यात जाऊन पडलं. अर्ध्या गाण्यात त्याने बोळा काढला, आणि सगळं जिथल्या तिथे परत आलं. परत आलं, हेच त्याला सोसेना. त्याने सेट बंद करून त्यावर चादर घातली.

चादर काढली ती बायकोने. माझ्यासाठी बंद ठेवू नका, ती म्हणाली, घर नुसतं भकास वाटतं. तिने खुर्ची खुणांवर नीट ठेवली, स्वतः बसली आणि त्याला स्वयंपाकघरातलं स्टूल आणायला लावून डावीकडे बसायला सांगितलं. मग तिच्याच लक्षात आलं, आणि तिने त्याला उठवून उजवीकडे बसवलं.

त्याने तीच रेकॉर्ड लावली. पियानो सुरू झाला, पाठोपाठ गाणारी. ती डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळाने तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डावीकडे काय चाललंय?" तिने विचारलं. "तेवढं सांगत चला."

"व्हायोलिन आहे," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे. कसं आहे?"

त्याने कान दिले. गज तारेवरून खाली उतरत होता, तारेची खरखर स्पष्ट होती, मागे खोलीभर मोकळी हवा होती. ज्या शब्दांवर त्याने जन्मभर मित्रांशी भांडणं केली, ते सगळे शब्द त्याच्याजवळ होते. तिचा चेहरा वाट बघत त्याच्याकडे वळलेला होता, उजवा कान पुढे करून.

"चांगलं आहे," तो म्हणाला.