मोटारीने न पाडलेला पैलवान

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात मोटारी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. त्यातली एक आमच्या पेठेतल्या गुळाच्या व्यापाऱ्याची. शेठजींनी तिचा विमा उतरवला होता. मोटारीने कुणाला इजा केली तर मुंबईची कंपनी भरपाई देणार, असं त्यात होतं. हे ऐकून आम्ही बायका पाणवठ्यावर पोट धरून हसलो होतो. बैल मारका निघाला तर आमच्यात बैल विकतात, विमा उतरवत नाहीत.

माझं माहेर आणि सासर एकाच गल्लीत. पाठचा भाऊ तालमीतला नावाजलेला पैलवान. पुढच्या महिन्यात खुद्द महाराजांसमोर एका पंजाबी मल्लाशी त्याची कुस्ती ठरली होती. गल्लीला दुसरा विषय नव्हता. त्याला काय खायला घालावं, हे मला शेजारपाजारच्या बायका येऊन शिकवायच्या.

अशात एका सकाळी एका भामट्याने कचेरीतल्या कारकुनाची सायकल पळवली. फौजदार मागे धावले. पण त्यांचं पोट त्यांच्यापुढे धावायचं, आणि दोघांचं जमेना. शेठजींच्या दारात मोटार उभी होती. फौजदार तिच्यात चढून बसले आणि ड्रायव्हरवर ओरडले, "बघतोस काय? सोड गाडी!"

भामटा आमच्या गल्लीत शिरला आणि टोकाच्या बोळातून पसार झाला. त्या बोळात सायकल मावते, मोटार मावत नाही, हे ड्रायव्हरला चांगलं ठाऊक होतं. पण सरकारी हुकमापुढे त्याचं काय चालणार? बोळाच्या तोंडाशी गडमुडशिंगी गावची गुळाची बैलगाडी उभी होती. मोटार तिच्यावर जाऊन आदळली, ढेपा रस्ताभर गडगडल्या आणि तालमीतून धारोष्ण दूध पिऊन परतणारा माझा भाऊ मोटारीच्या धक्क्याने उताणा पडला.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. डोळ्यांनी बघितलं. त्याच्या दोन्ही खांद्यांना माती लागली होती. उठल्यावर त्याने आधी हाताकडे बघितलं नाही. आधी चहूकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. उजवा हात खांद्यातून लोंबत होता.

आमच्याकडे पैलवानाची पाठ मातीला लागली की संपलं. कशाने लागली, हे पुढं कुणी विचारत नाही. हाडवैद्याने खांदा चाचपला आणि हात टेकले. "ह्ये माझ्यानं हुयाचं न्हाय. मिरजेच्या दवाखान्यात न्या," म्हणाला. मिरजेचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता.

चार दिवसांनी विमा कंपनीचे टोपीवाले गृहस्थ मुंबईहून आले आणि चावडीच्या ओसरीवर बसले. आता विम्याचं हसू गल्लीत कुणालाच येत नव्हतं. अपघाताच्या वेळी जे अंथरुणात घोरत होते, तेही हळद लावून, पट्ट्या बांधून कण्हत हजर झाले. त्या वेळी विहिरीवर पाणी पीत बसलेल्या गाडीवानाने स्वतःचं डोकं बांधलंच, वर बैलाच्या पायालाही चिंधी गुंडाळली. फौजदारांची कंबर तर बसूच देत नव्हती. चोर सापडला नाही तो नाहीच. तोही त्याच रांगेत असावा, असं मला अजून वाटतं.

गृहस्थ एकेकाला एकच विचारत, "मोटारीने पाडलं का?" जो तो कळवळून "व्हय जी" म्हणे, आणि त्याची भरपाई मंजूर होई.

मी बळेबळे भावाला तिथे घेऊन गेले. त्याचा हात बघून गृहस्थ उठून उभे राहिले. एवढ्या लोकांत खरी इजा त्यांना पहिल्यांदाच दिसली असावी. "यांना आजच मिरजेला पाठवतो, सगळा खर्च कंपनीचा. फक्त सांगा, मोटारीने पाडलं ना?"

तालमीचे वस्ताद बाजूलाच होते. तालमीची पोरं दाटीवाटीने उभी होती. भाऊ म्हणाला, "मला कुणी पाडल्यालं न्हाय."

"मग हात?"

"लचकलाय. मेहनत करताना."

गृहस्थांनी लोकांना विचारलं. कण्हणं क्षणात थांबलं. "आमचा पैलवान? आन् पडंल?" गाडीवान डोक्याची पट्टी विसरून गरजला. "मोटार त्येच्यावर आपटून मागं सरली की ओ पावणं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पैशासाठी खोटं बोलायला आलेले लोक, अब्रूसाठी फुकट खोटं बोलले.

मला राहवलं नाही. "पडला की! उताणा पडला, म्या बघितलंय!" मी ओरडले.

"बाई, घरात जा," वस्ताद म्हणाले. भावाने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंडात पदर कोंबला. गृहस्थांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि पुढच्या लंगड्याला हाक मारली.

नंतर वस्तादांनीच त्याला विचारलं, "कुस्ती मोडू या का?" भाऊ म्हणाला, "कशापायी? मला काय झालंय?" चारचौघांत बोलून बसला होता. आता मागे फिरायची वाट त्याने स्वतःच बुजवली होती.

कुस्तीच्या दिवशी सगळी गल्ली मैदानात गेली. कंपनीच्या पैशावर लंगडणारे झाडांवर चढून बसले होते म्हणे. आम्हा बायकांना मज्जाव. मी उंबऱ्यात बसून देवाला शिव्या घालत होते. एकदा आरोळी उठली. इतक्या लवकर उठलेली आरोळी कशाची, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दिवस मावळायच्या आत तो घरी आला. दंडापासून मनगटापर्यंत हात काळानिळा पडला होता. मी रडत त्याच्या पाठीवरची तांबडी माती पुसायला गेले, तर त्याने मला थांबवलं. कित्येक दिवसांनी तो मोकळेपणाने हसत होता.

"ऱ्हाऊ दे, आक्का. सगळ्यांनी बघितलं न्हवं? माणसानं पाडलं."

त्याचा उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. तो होता तोवर सणासुदीला त्याचा फेटा मीच बांधत असे.