लक्ष्मी, तोंड फिरव

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो कापला. नंबर अनोळखी होता. पलीकडचा माणूस, "अक्का, मी आनंद बोलायलोय, आपली प्रज्ञा गेली," एवढं म्हणून रडायला लागला आणि मी सरळ लाल बटण दाबलं. कारण तिनंच तसं शिकवलं होतं. अनोळखी नंबरवरून कुणी भीती घालणारी बातमी सांगितली, बक्षीस लागलं म्हणालं, बँकेतून बोलतोय म्हणालं, तर एक शब्द न बोलता फोन कापायचा आणि आपल्याजवळ जो खरा नंबर आहे तो आपण होऊन लावायचा. मी प्रज्ञाचा नंबर लावला. उचल बाई, उचल, आणि नेहमीसारखी ओरड माझ्यावर, असं मनात म्हणत राहिले... फोन उचलला आनंदनंच, तिच्या धाकट्या भावानं. तिचा फोन त्याला उघडेना म्हणून पहिला फोन त्यानं दवाखान्यातल्या कुणाच्यातरी मोबाइलवरून केला होता. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, बिदरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सेहेचाळीस वर्षांची होती. तिचा नियम मी इतका नेमका पाळला, याचं तिला फार कौतुक वाटलं असतं.

आता ही प्रज्ञा कोण, हे सांगायला हवं. भालकीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास होता. इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांची मशिनं, आणि सकाळपासून नुसता खडखडाट. मी चिंताकीची, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली, त्यामुळं माझ्या या क्लासचा मला केवढा तोरा! डोळे मिटून बसले तरी कोणत्या पोरीनं कोणतं अक्षर चुकवलं ते मी नुसत्या आवाजावरून सांगायची. दुरून बोटं दिसली तर विचारूच नका, अख्खं वाक्य वाचून दाखवायची. मग कॉम्प्युटर आले आणि माझ्या पोरी एकेक करून गळायला लागल्या. एक दिवस हैदराबादला हार्डवेअरचा कोर्स करून परत आलेली, कमलनगरची ही उंच, सावळी बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडं खोली हाय, माझ्याकडं दोन कॉम्प्युटर हायेत. मिळून चालवू का?" मी तिला चहा दिला आणि हो म्हणून टाकलं. नवऱ्याला नंतर सांगितलं.

माझ्या चुलत्यांनी नाक मुरडलं. प्रज्ञाच्या घरच्यांनी तिच्या आजोबांच्या काळात बौद्ध धम्म घेतलेला, आणि आमच्या चुलत्यांना तिच्यासोबत एका खोलीत धंदा करणं पसंत नव्हतं. मला त्यांची तेव्हाही लाज वाटली आणि आजही वाटते. माझे वडील, अप्पा, मात्र क्लासमध्ये आले, दोन तास तिच्याशेजारी बसून मशीन कसं चालतं ते बघितलं आणि जाताना म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तुझ्यापेक्षा जास्त हाय." झालं! माझ्या तोऱ्याचं तिथंच भजं झालं.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी मी जन्मात विसरणार नाही. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. टायपिंगच्या मशिनांची मी दरवर्षी करायची, मग कॉम्प्युटरनं काय घोडं मारलं होतं? प्रज्ञा पोचायच्या आत मी मॉनिटरला गंध लावलं, कॅबिनेटवर झेंडू वाहिले आणि उदबत्ती टोचायला जागा हवी म्हणून कॅबिनेटच्या मागच्या जाळीच्या भोकांत चार उदबत्त्या खोचल्या. काय मस्त बसल्या होत्या! मशीनही चालूच ठेवलं होतं, चालू देवाला नमस्कार केलेला बरा म्हणून. आतला पंखा हवा बाहेर फेकत नव्हता, जुन्या मशिनात तो उलटा बसवलेला निघाला. त्यानं सगळी राख, हळद, कुंकू, अंगारा, जे काही आसपास होतं ते भक्तिभावानं आत ओढून घेतलं. प्रज्ञा आली तेव्हा मशीन खोकायला लागलं होतं.

ती चिडली नाही. आधी वायर काढली, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला आणि मग कॅबिनेट उघडलं. "अंगातली वीज आधी गजाला द्यायची, मग आत हात घालायचा," ही मला मिळालेली पहिली दीक्षा. आत बघते तर कुंकवाचा सडा. ती इतकी हसली, इतकी हसली, की खाली बसली. "लक्ष्मी, तुझी पूजा तू कर, मी आडवी येत न्हाई. पर बाहेरून कर. आत फक्त ब्रश." ब्रश कुठला? तिच्याकडं होता तो नायलॉनचा, आणि त्याच्या घासण्यानं वीज तयार होते म्हणून तो तिला आवडत नसे. हे ऐकून अप्पांनी शेळीचे मऊ केस बोरीच्या काडीला दोऱ्यानं घट्ट बांधून तिला एक ब्रश करून दिला. त्या ब्रशनं आम्ही पुढं किती मशिनं झाडली! गाळपाच्या हंगामात भालकीवर साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी उतरते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशीच ती कीबोर्डावर पडते. तिनं खंडेनवमीचा दिवसच ठरवून टाकला. माझी पूजा झाली की गावातल्या ज्याच्याकडं मशीन आहे त्यानं ते आणायचं, उघडून झाडायचं, कामाच्या फायली सीडीवर काढून ठेवायच्या, यूपीएसची वायर भिंतीतून काढून बॅटरी किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघायचं. खत-बियाणांच्या दुकानापासून शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळे रांगेत! मी कुंकू लावायची, ती स्क्रू काढायची.

मग इंटरनेट आलं. आमच्या भागातली पोरं पुण्याला, हैदराबादला, आखाती देशांत गेलेली, आणि त्यांच्या आया आमच्या खोलीत येऊन त्यांची पत्रं पडद्यावर वाचून घ्यायच्या. काय दिवस होते ते! एकेका मेलला अख्खी गल्ली टाळ्या वाजवायची. आणि इथंच मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. लोक शेजारी घराची किल्ली ठेवून जातात ना, तसे माझ्याकडं पासवर्ड ठेवून जायला लागले. "मावशी, तुम्हीच लक्षात ठिवा." मला कोण अभिमान! मी एक वही केली, माणसागणिक एक पान. प्रज्ञाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लक्ष्मी, हे चांगलं न्हाई." मी म्हटलं, "कामून? आपलीच माणसं हायेत." वही माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली.

चिंताकीची संगीता गुलबर्ग्याहून नर्सिंगचं शिकून आली होती. हैदराबादच्या एका दवाखान्यात मुलाखत देऊन आलेली, आणि उत्तर मेलवर यायचं होतं. रोज जीपनं यायची, मेल उघडायची, काही नाही म्हणून परत जायची. दहा दिवस... बारा दिवस... पोरीचं तोंड उतरत चाललं. तिच्या चुलत्यांनी उदगीरकडचं स्थळ पाहून ठेवलं होतं. नोकरी आली नाही तर लग्न, असं घरात ठरलं होतं. शेवटी प्रज्ञानं तिला समोर बसवून विचारलं, "तुझा पासवर्ड कुणाकुणाला म्हायती हाय?" संगीता म्हणाली, "मला. आन् मावशीला." दोघींनी माझ्याकडं बघितलं.

कारण आठवडाभरापूर्वी तिचे चुलते आले होते. "पोरीला फालतू मेल येयलेत, बघतो जरा," म्हणाले. घरचा माणूस, मी वही काढून पासवर्ड सांगितला. टायपिंगची बॅच चालू होती म्हणून मी उठलेही नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हे काढून टाकायचं कसं, बाई?" आणि मी, मी स्वतः, बसल्या जागेवरून सांगितलं, "त्या डब्याच्या चित्रावर दाबा." हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं तेव्हा संगीतानं परतीच्या जीपसाठी पिशवी उचलली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

प्रज्ञा मात्र ताडकन उठली. "टाकलेलं लगेच मरत न्हाई. तीस दिवस कचऱ्यात ऱ्हातं," म्हणाली आणि तिनं तो कचऱ्याचा कप्पा उघडला. पत्र तिथंच होतं! नोकरी दिल्याचं पत्र. पण होकार आणि प्रमाणपत्रांच्या प्रती त्याच दिवशी पाचच्या आत पोचायला हव्या होत्या, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. घड्याळात सव्वाचार. प्रमाणपत्रं चिंताकीला घरी, चुलत्यांच्या घरात. मी कपाळाला हात लावला, पण प्रज्ञा हसत होती. खंडेनवमीला आम्ही संगीताची प्रमाणपत्रं स्कॅन करून सीडीवर ठेवली होती! सीडी सापडली, लागली, चालली. "आधी पासवर्ड बदल," प्रज्ञा म्हणाली, "चुलते परत यायच्या आत." संगीतानं कीबोर्डावर बोटं ठेवली, मी सवयीनं पुढं वाकले, आणि प्रज्ञाचा आवाज आला, "लक्ष्मी, तोंड फिरव."

मी तोंड फिरवलं. वीस वर्षं पोरींना टायपिंग शिकवलेली मी, भिंतीकडं तोंड करून उभी. वर ती म्हणते कशी, "कानात बोटंबी घाल, तुला ऐकूनबी कळतंय!" मी खरंच कानांत बोटं घातली.

आणि साडेचारला, प्रती मेलला जोडत असतानाच, लाइट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. पण त्या बॅटरीची परीक्षा आम्ही दरवर्षी घेतलेली. एक मशीन आणि मोडेम एवढंच ठेवलं तर ती चौदा मिनिटं टिकते हे आम्हाला तोंडपाठ होतं. मी पळत जाऊन बाकीच्या सगळ्या वायरी उपसल्या. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती, दारात गर्दी जमलेली, जीपवाला भाडं सोडून आत आलेला, कुणीतरी मोठ्यानं मिनिटं मोजत होतं. बाराव्या मिनिटाला मेल गेला. कसला जल्लोष झाला म्हणता! प्रज्ञानं मात्र नीट, सावकाश, क्रमानं मशीन बंद केलं. बटण दाबून मशीन मारणारी ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी चुलते तावातावानं आले. "आमच्या घरची पोरगी, आन् तिची मेल तुम्ही आम्हालाच दाखवंना?" प्रज्ञा स्टुलावरून उठलीही नाही. "पोरगी तुमची हाय, अण्णा. पासवर्ड तिचा हाय." त्या दुपारी मी वहीचं एकेक पान फाडलं आणि ज्याचं त्याच्या हातात दिलं. प्रत्येकाला सांगितलं, आता नवा ठेवा, देवाचं नाव नको, पोराचं नाव नको, मला सांगू नका. तेव्हापासून खंडेनवमीला एक काम वाढलं. ज्यानं त्यानं पासवर्ड बदलायचा, आणि तो टाइप करताना खोलीतल्या सगळ्यांनी तोंड फिरवायचं. म्हातारी माणसंसुद्धा हसत हसत वळून उभी राहायची. संगीता आज त्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. लग्न तिनं मागाहून केलं, स्वतः बघून.

महिन्यापूर्वी आनंद प्रज्ञाचं मशीन, पहिल्या खंडेनवमीला खोकलेलं तेच, माझ्याकडं घेऊन आला. घरचे फोटो तिनं दरवर्षी सीडीवर काढून त्याच्याकडं दिलेच होते. त्याला मशीनचं काही नको होतं. "तुमच्याजवळच असू द्या, अक्का. पासवर्ड तुम्हाला म्हायती असंलच," म्हणाला. मी म्हटलं, "न्हाई रे." त्याला ते खरं वाटलं नाही. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो, एका डब्यात जेवलो.

खरं सांगते, शोधायचा म्हटला तर मला सापडेल. कानांत बोटं काही मी दरवेळी घालत नव्हते. किती अक्षरं ते मला माहीत आहे, दोन शब्दांमधल्या जागेची लांब पट्टी कुठं वाजते तेही माहीत आहे. पहिलं अक्षर डाव्या करंगळीचं. दोन दुपारी बसले तर उघडेल. आत तिचं लिहिलेलं काय काय असेल, माझ्याबद्दलही असेल, आणि मला तिचा एक शब्द मिळाला असता तरी हवा होता... फार हवा होता.

परवा खंडेनवमी झाली. माझी पूजा केली, बाहेरून. मग खिडकीच्या गजाला हात लावला, तिचं मशीन उघडलं आणि अप्पांच्या ब्रशनं झाडलं. केस झडून तो आता अर्धा राहिलाय. थोडी काजळी निघाली, आणि पंख्याच्या मागं, इतक्या वर्षांनी, चिमूटभर कुंकू. कॅबिनेट लावून मशीन चालू केलं. सगळं ठणठणीत. पडद्यावर तिचं नाव आलं, त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट, आणि तिच्यात ती उभी रेघ लुकलुकत राहिली.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड फिरवलं.